ओल्या गोणपाटाखालची आई

आमच्या घरात सकाळचं पहिलं पाणी आईला मिळायचं. देवाला दुसरं, चहाला तिसरं. शाळेच्या मागच्या अंगाला सामानाची एक खोली होती. तिथे मोडक्या बाकांच्या आणि फाटक्या नकाशांच्या सोबतीनं माझी आई बसलेली असायची. मातीची, मांडीवर तान्हं लेकरू घेतलेली, अंगावर ओलं गोणपाट. माझे वडील, नाना, त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. चित्रं काढायचे, मूर्ती घडवायचे, पण मेहकरात त्यांना कोणी कलावंत वगैरे म्हणत नसे. मास्तर म्हणत, आणि गणपतीच्या दिवसांत जरा जास्त प्रेमानं मास्तर म्हणत. आई त्यांनी मी पाचवीत असताना घडवायला घेतली आणि मी मॅट्रिकला आले तरी ती पुरी झाली नव्हती. मातीचं काम ओलं असतं तोवरच बदलता येतं. मनासारखं झालं की त्यावर प्लास्टरचा साचा काढायचा, आतली माती मोकळी करायची आणि साच्यात सिमेंट ओतायचं. वाळून तडकली तर मात्र सगळी मेहनत वाया. म्हणून शाळा भरण्याआधी एक बादली, सुटल्यावर एक, आणि उन्हाळ्यात दुपारीही एक, असं मी गोणपाट भिजवायचे. माझ्या मैत्रिणी आईला पाणी भरू लागायच्या, मी आईवर पाणी ओतायचे. हे मी गमतीनं सांगितलं की त्यांचे चेहरे पडायचे, आणि मला कळायचं नाही की यात पडण्यासारखं काय आहे.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, आणि त्या दोन्ही खोल्यांवर राज्य आत्याचं. नानांची ही धाकटी बहीण. साखरखेर्ड्याला दिलेली; नवरा गेला तेव्हा इकडे भाऊ एकटा आणि पोर दीड वर्षाची, म्हणून ती आली ती आलीच. तिचा आवाज पहाटे सुरू व्हायचा. आधी घागरीचा, मग खलबत्त्यात मिरच्या कुटल्याचा, मग तोंडाचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर ती अशी थापायची की शेजारच्या बायका भिंतीपलीकडून आवाजावरून भाकरी मोजायच्या. रविवारी वाफवलेले डाळीचे फुनके आणि वर कढी. फुनका कढीत बुडवून खायचा की कढी फुनक्यावर ओतायची, यावर मी आणि आत्या दर रविवारी भांडायचो. नाना या भांडणात नसायचे. ते ताटातल्या कढीत बोटानं रेघा ओढत बसायचे. एक नाक, एक हनुवटी, पुन्हा एक नाक. आत्या म्हणायची, "दादा, जेव ना नीट. ताटात काऊन शाळा भरवून राह्यला?" नाना ओशाळून बोट चाटायचे. ती हनुवटी कोणाची, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

आईचा एकही फोटो नव्हता. आज माझ्या नातीचे फोटो सुनेच्या मोबाइलमध्ये मावत नाहीत. परवा पोरगी नुसती शिंकली तर तिचे तीन निघाले. आईचा एक नाही. नानांचं लग्न फार उशिरा झालं. आई जानेफळच्या शेतकरी घरातली, त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. चौथ्या वर्षी ती गेली. नाना तेव्हा मुंबईला होते. एका मोठ्या प्रदर्शनासाठी चित्रं घेऊन गेले होते, ती नापास होऊन परत मिळाली, आणि ती बगलेत धरून ते घरी पोचले तेव्हा तिला जाऊन तिसरा दिवस होता. तापाचं निमित्त झालं. तार त्यांना मिळालीच नव्हती. जानेफळची माणसं त्यांच्याकडे न बघता निघून गेली. बारा-तेरा मैलांवरचं गाव; पण त्यानंतर मी सोळा वर्षांची होईपर्यंत त्या गावाचं कोणी आमच्या उंबऱ्याला आलं नाही, आणि नानाही गेले नाहीत. त्यांनी पुन्हा कुठल्या प्रदर्शनाला एक कागद पाठवला नाही. आत्यानं वहिनीला पाहिलं ते दोन-चारदा, सणावाराला, ते पण डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. "उजळ होती," ती सांगायची, "अन् हात लय चालत." हातांचं नानांनाही आठवत होतं. मातीतले हात पहिल्या वर्षीच झाले होते आणि ते पुन्हा कधी मोडले नाहीत. मोडायचा तो चेहरा. मी दर थोड्या दिवसांनी विचारायची, "नाना, ही आईसारखी झाली का?" नाना मान हलवायचे. "अजून नाई, बेटा." मग मला त्यांचा राग यायचा. मला ताडून बघायला आठवणच नव्हती. ते ज्या दिवशी हो म्हणतील त्या दिवशी मला आई मिळणार होती, आणि हे माणूस हो म्हणत नव्हतं.

नाना निवृत्त व्हायला आले आणि सामानाची खोली रिकामी करण्याची वेळ आली. तेव्हा हेडमास्तर म्हणाले, मास्तर, दसऱ्याच्या सुट्टीत हॉल मोकळा आहे. जन्मभराचं काम एकदा मांडा तरी लोकांपुढे. नाना आठ दिवस नाही नाही म्हणाले आणि नवव्या दिवशी खिळे आणायला गेले. तीन दिवसांचं प्रदर्शन ठरलं. लोणारच्या सरोवराची जलरंगातली सात चित्रं. शेगावच्या स्टेशनावर पहाटे गाडीतून उतरणारी, डोळ्यांत झोप असलेली माणसं. कापूस वेचणाऱ्या बाया. शाळेच्या शिपायाचं तैलचित्र, ज्यात शिपाई हेडमास्तरांपेक्षा रुबाबदार दिसत होता. पोळ्याचे लाकडी बैल. सिमेंटचे चार अर्धपुतळे. आणि शेवटी, खिडकीपाशी, आई. तिला हातगाडीवर आणताना नाना गाडीच्या बाजूनं तिच्या पाठीला हात लावून चालले. आत लाकडाचा सांगाडा आणि काथ्या होता, ती पडण्यासारखी नव्हती. तरी हात होताच.

अपुरं काम का मांडता, असं हेडमास्तरांनी विचारलं, तर नाना म्हणाले, "कोणी ओळखलं तर काम तिथंच थांबवतो." त्यांनी चिठ्ठीवर फक्त 'आई आणि मूल' लिहिलं होतं. नाव नाही. मला कळलं की हे प्रदर्शन सगळं या एका मूर्तीसाठी आहे, बाकीची चित्रं तिच्या वऱ्हाडाला आलेली आहेत. पण ओळखणार कोण? मेहकरात पदराआडचा तिचा चेहरा पाहिलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. ओळखणारे सगळे जानेफळला. मी कोणाला न सांगता एक पोस्टकार्ड टाकलं. आईला मोठी बहीण आहे, सगुणा, आणि ती गावातच दिलेली आहे, एवढं आत्याच्या बोलण्यातून कानावर होतं. आडनाव ठाऊक नव्हतं. 'कौतिकाची बहीण सगुणाबाई, जानेफळ' एवढाच पत्ता. आत लिहिलं, माझ्या वडिलांनी माझी आई मातीची केली आहे, बरोबर झाली का ते दसऱ्याच्या सुट्टीत मेहकरच्या शाळेत येऊन सांगा. खाली 'तुमची शोभा' लिहिलं आणि 'तुमची' खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

पहिल्या दिवशी हार, भाषणं, पेढे. डॉक्टर आले, मामलेदार कचेरीतले आले, सगळे शिपायाच्या चित्रापुढे हसले आणि मूर्तीपुढे गंभीर झाले. "काय भाव आहेत चेहऱ्यावर!" एक साहेब म्हणाले. नाना त्यांच्याकडे आशेनं बघत राहिले. साहेब परत बैलांकडे सरकले. संध्याकाळी नानांनी गोणपाट घातलं. मला वाटलं हे आता रात्रीतून पुन्हा चेहरा मोडणार. पण मोडला नाही त्यांनी, नुसते बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पहिल्या दिवशी नाना जेवले नव्हते, म्हणून आत्यानं दुपारी निरोपावर निरोप पाठवून त्यांना घरी नेलं. जाताना बजावून गेले, "ऊन लय हाय. घडीघडीनं पाणी शिंपड. ओतू नको, शिंपड." हॉलमध्ये मी एकटी. मी तांब्या घेतला, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाची एक डहाळी तोडली आणि तिनं आईच्या अंगावर, लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडू लागले. त्याच वेळी बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या खेड्यावरच्या सात-आठ बाया सावलीसाठी आत डोकावल्या. आता जरा त्यांच्या डोळ्यांनी बघा. भुलाबाईचा महिना चाललेला. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर मातीची भुलाबाई मांडतात, मांडीवर बाळ गणपती घेतलेली. ती माहेरी आलेली लेक. पोरी संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात, खिरापत वाटतात. आणि इथे एवढी थोरली भुलाबाई, आणि परकर-पोलक्यातली एक पोर तिच्यावर डहाळीनं पाणी शिंपडते आहे. "अवं माय," पुढची बाई म्हणाली, "केवढी देखणी हाय!" तिनं चपला दाराबाहेर काढल्या. बाकीच्यांनी काढल्या. बाजारातून घेतलेलं कुंकू एकीच्या पिशवीत होतंच. तिनं पुडी सोडली, आईच्या कपाळावर बोट टेकवलं, आणि ओल्या मातीत ते बोट पेरभर आत गेलं.

मी तिथेच ओरडायला हवं होतं. नानांनी कोणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. पण मी ओरडले नाही, आणि का नाही ते मी आज स्पष्टच लिहिते. त्या बाईनं वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या आईच्या पाया कोणी पडलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मला ते इतकं आवडलं की मी तांब्या बाजूला ठेवून नीट उभी राहिले, यजमानीण उभी राहते तशी. बाहेर बातमी पसरली. बाया येत गेल्या. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. कोणी ज्वारीचे धांडे आणून मागे उभे केले, कोणी खोबऱ्याचा तुकडा लेकराच्या हाताशी ठेवला. प्रत्येकीचं बोट कपाळावर. तासाभरात कपाळ चाळणीसारखं झालं आणि कुंकवाचं पाणी नाकावरून हनुवटीपर्यंत ओघळलं. तेव्हा कुठे मला भीती वाटायला लागली. आणि नाना दारात उभे होते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बायांच्या मागे उभे राहून ते सहा वर्षांच्या कामाकडे बघत होते. "शोभे," ते एवढंच म्हणाले, "ह्या तिले देवी म्हणून राह्यल्या?" मी मान हलवली. "म्हणजे कोणालेच नाही कळलं." ते भिंतीला टेकून खाली बसले, स्वतःच्या लोणारच्या चित्राखाली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मला वाटलं मी माझ्या हातानं माझी आई दुसऱ्यांदा घालवली.

रांगेत शेवटी एक उंच बाई होती. हिरवं लुगडं, हातात कापडानं बांधलेला डबा. तिची पाळी आली तेव्हा मागचीनं तिच्यापुढे कुंकवाची पुडी धरली. तिनं ती घेतली नाही. ती मूर्तीकडे बघत राहिली, आधी हात बघितले, मग चेहरा, पुन्हा हात. मग वळून म्हणाली, "बायांनो, हे काई भुलाबाई नोहे. हे आमची कौतिक व्हय."

ज्या बाईनं पहिलं कुंकू लावलं होतं ती घाबरली. "म्हणजे गेलेल्या बाईले वाह्यलं का वं आपण?" "सवाशीण गेली ते," हिरव्या लुगड्याची बाई म्हणाली. "कुकवाची धनीन व्हय. राहू द्या." मग ती नानांपुढे जाऊन उभी राहिली. ही सगुणा मावशी. नाना उठायला गेले. मावशी त्यांच्यासमोर फरशीवरच बसली.

"मास्तर, हात तिचे हायेत," ती म्हणाली. "मी हातावरून वळखलं. पण तोंड कोणाचं हाय हे?"

"तिचंच, अक्का. मले आठवते तसं."

"असं मिटलेलं? कौतिकाचं तोंड कधी मिटलेलं होतं? समोरचे दोन दात हे असे पुढं. व्होट पुरत नव्हते तिचे. हासली म्हणजे घरातले बैलसुदिक माना वळवत." तिनं डोळ्याला पदर लावला. "तुमी तिले देवी करून ठेवली. म्हणून तं बाया पाया पडून राह्यल्या."

नाना गोंधळून तिच्याकडे बघत होते. "मी कधी पाह्यलं नाई," ते हळूच म्हणाले. "माह्यापुढं ती गपच राहे."

"कसे पाहसान? तुमची चाहूल लागली की पदर तोंडाले. मले म्हणे, अक्का, ते चित्रं काढणारे मानूस, सारं सुंदर पाहणारे. त्याइले माहे दात दिसले तं काय म्हणतीन?"

नानांचे हात नुसते मांडीवर उघडे पडले होते. मावशीनं मला जवळ बोलावलं. "तूच ना वं कार्ड धाडलं? पोस्टमननं अर्धं गाव फिरून दिलं ते." मी रडत होते आणि रडताना तोंडावर हात होता. आमच्या आत्याचंच ते वळण. पोरीच्या जातीनं दात दाखवू नयेत, त्यातून तुझे तर तसले, असं म्हणून तिनं लहानपणीच माझ्या हाताला ती सवय लावली होती. मावशीनं माझं मनगट धरलं आणि हात खाली ओढला. माझी हनुवटी नानांकडे वळवली. "हे पाहा. सोळा वर्षं झाले, हे दात तुमच्या ताटाले ताट लावून जेवून राह्यले."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी मला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग ते उठले, बादलीतून माती घेतली, लाकडी कोरणी घेतली आणि मूर्तीपाशी गेले. "हस, बेटा," म्हणाले. आता सांगून कोणाला हसू येतं? मी उभी राहिले नुसती, नाक पुसत. मग मावशीच सांगायला लागली. म्हणाली, "लहानपणी आमच्याकडे भुलाबाई बसे. खिरापतीचा डबा झाकून ठेवायचं काम कौतिककडे. पोरी वळखत बसल्या, गोड का तिखट, वल्लं का कोरडं. कोणालेच येईना. हरल्या साऱ्या. डबा उघडला तं मोकळा! अन् हे माय कोपऱ्यात गाल फुगवून बसली. एकीनं गुदगुल्या केल्या, अन् समद्या खिरापतीचा भुगा पोरींच्या अंगावर." सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. हात वर गेला नाही, मावशीनं धरून ठेवला होता. "बस, बस, अशीच राह्य," नाना म्हणाले आणि त्यांची बोटं चालायला लागली.

साचा त्याच दिवाळीत निघाला. कपाळ नानांनी बुजवलं नाही. मी म्हटलं होतं बुजवा म्हणून, तर म्हणाले, "लोकाइनं केलेलं काम हाय ते, माह्यं नाई." ती सिमेंटची आई आता बुलढाण्याला माझ्या घरी आहे. येणारे विचारतात, कपाळाला हे खड्डे कसले. मी माझं बोट एका खड्ड्यात ठेवून दाखवते. पण मला राहून राहून आठवते ती त्या दुपारची माती, ओली. वरचा ओठ सुटला, दात आले, गाल वर चढले आणि खिडकीपाशी एक अगदी साधी, खेड्यातली, पंचविशीतली बाई बसलेली दिसली. तिच्याकडे बघून मला आपोआपच हसू आलं. मी नानांना काही विचारलं नाही.

मावशीनं डबा सोडला होता आणि बायांना काहीबाही वाटत होती. नाना मात्र तिथेच उभे होते. त्यांनी माझ्यासमोर आईचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'तुझी आई' म्हणायचे, तेवढंच. मातीनं भरलेला हात त्यांनी मूर्तीच्या गालाशी नेला, लावला नाही. आणि जवळच्या माणसाशी बोलावं तसं, हलक्या आवाजात म्हणाले,

"माह्यापुढं काऊन झाकत होती वं, कौतिके? मले आवडले असते."